मुंबई हाय : तेलसाठ्याचा इतिहास आणि भूरसायनशास्त्रीय साधने

प्रस्तावना :
फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या वेधनमंचाने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० कि.मी. अंतरावर समुद्रतळाखाली खनिज तेल शोधून काढले. २१ मे १९७६ रोजी तेथे उत्पादन सुरू झाले. स्वतंत्र भारताच्या आर्थिक इतिहासात या घटनांना महत्त्वाचे स्थान आहे. तथापि, हा शोधाचा इतिहास होय, साठ्याचा नव्हे. तेल तेथे कोठून व कोणत्या दिशेने आले, याचे उत्तर तेलाच्या रासायनिक घटनेतच शोधावे लागते.

भूशास्त्रीय पार्श्वभूमी :
बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे परिसराच्या मातीखाली असलेला दख्खनचा काळा पाषाण अरबी समुद्राखालीही पसरलेला आहे. मुंबई हायच्या तळाशी काही भागांत हाच पाषाण, तर काही भागांत त्याहून प्राचीन खडक आढळतात. त्यावर साचलेल्या थरांपैकी पॅलिओसीन ते पूर्व इओसीन काळातील ‘पन्ना’ शैलसमूहातील शेल व कोळसा हे तेलाचे प्रमुख उगमस्थान मानले जाते. तेल मात्र मुख्यत्वे मायोसीन काळातील चुनखडकात साठले आहे. उगम व साठा यांतील हे अंतर तेलाच्या स्थलांतराची साक्ष देते.

साधने व त्यांची चिकित्सा :
१९३४ मध्ये आल्फ्रेड ट्रेब्स यांनी खनिज तेलातील पॉर्फिरिन संयुगांचा हरितद्रव्याशी संबंध दाखविला. पुढे अशा अनेक जैवचिन्हांवरून तेलाचा उगम व त्याची परिपक्वता ठरविता येऊ लागली. उदाहरणार्थ, ओलिअनेन हे संयुग सपुष्प वनस्पतींचा अंश दर्शविते. १९८७ मध्ये डब्ल्यू. ए. इंग्लंड व सहकाऱ्यांनी साठा भरण्याच्या प्रक्रियेची मांडणी केली. प्रथम आलेले तेल कमी परिपक्व असते. नंतरचे अधिक परिपक्व तेल त्यास पुढे ढकलते. त्यामुळे अधिक परिपक्व तेल ज्या बाजूस आढळते, ती प्रवेशाची बाजू असण्याची शक्यता असते. कित्येक किलोमीटर अंतरावरील तेल परस्परांत मिसळण्यास कोट्यवधी वर्षे लागू शकतात, म्हणून हा भेद टिकून राहतो.

परंतु दोन विहिरींतील तेलाचा भेद जीवाणूंची क्रिया, पाण्याचा संपर्क किंवा खडकातील अडसर यांमुळेही निर्माण होऊ शकतो. एकाच दस्तऐवजावर विसंबू नये, हा इतिहासलेखनाचा नियम येथेही लागू पडतो. रासायनिक पुराव्यास खडकांची रचना, तापमान व भूकंपलहरींचे सर्वेक्षण यांची जोड आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
उत्पादन सुरू झाल्यावर साठ्यातील दाब बदलतो, द्रव सरकतात व मूळ मांडणी विस्कळीत होते. दाब टिकविण्यासाठी सोडलेल्या पाण्याने त्यात भर पडते. म्हणून आरंभीच्या विहिरींतील नमुने हे मूळ दस्तऐवज, तर नंतरचे नमुने हे फेरफार झालेल्या नकला ठरतात. नमुना कोणत्या विहिरीतून, किती खोलीवरून व केव्हा घेतला, या नोंदीविना त्याचे ऐतिहासिक मूल्य उरत नाही. अशा नमुन्यांचे जतन दप्तरखान्यातील कागदपत्रांइतक्याच दक्षतेने व्हावयास हवे; कारण उपसलेल्या साठ्यातून हा पुरावा पुन्हा मिळविता येत नाही.