परक्या देशीचे दोन चित्रकार मित्र आणि त्यांची पत्रे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे, कुलवृत्तांत आणि गुणी विद्यार्थ्यांचे अभिनंदन यांस स्थान मिळते, आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र आम्ही वाचकांस थोड्या दूरच्या प्रदेशात नेऊ इच्छितो. ज्यांची कथा येथे सांगावयाची आहे ते दोघे ना आपल्या ज्ञातीचे, ना आपल्या देशाचे. एक हॉलंडचा, दुसरा ऑस्ट्रेलियाचा. दोघांची गाठ पडली ती फ्रान्समध्ये. म्हणजे दोघांनाही परक्या असलेल्या मुलखात. तथापि ही कथा ज्या प्रश्नापाशी येऊन थांबते तो प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या घरातला आहे. वडिलांच्या मागे राहिलेल्या जुन्या पत्रांचे काय करावे, हा तो प्रश्न होय.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग हे नाव आज सर्वतोमुखी झाले आहे. १८५३ साली हॉलंडमध्ये एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेला हा मनुष्य चित्रविक्रीच्या दुकानात नोकरी, शाळेत शिकवणे, खाणकामगारांच्या वस्तीत धर्मप्रचार असे नाना उद्योग करून, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या सुमारास चित्रकलेकडे वळला. १८८६ च्या प्रारंभी तो पॅरिसला आपला धाकटा भाऊ थिओ याच्याकडे येऊन राहिला आणि काही महिने कॉर्मों या चित्रकाराच्या कलाशाळेत जाऊ लागला. तेथेच त्याची जॉन पीटर रसेल याच्याशी ओळख झाली.

रसेलचा जन्म १८५८ साली सिडनी येथे झाला. त्याच्या घराण्याचा लोखंडाच्या ओतकामाचा मोठा कारखाना होता. वडील वारल्यावर त्याच्या वाट्याला एवढी संपत्ती आली की, पोटासाठी चित्र विकण्याची पाळी त्याच्यावर आली नाही. लंडनमध्ये शिक्षण घेऊन तो पॅरिसला आला होता. एक सधन, अंगापिंडाने भक्कम आणि मोकळ्या स्वभावाचा. दुसरा भावाच्या पैशावर जगणारा, तापट आणि बोलण्यात आग्रही. अशा दोघांत स्नेह जुळला, आणि त्याच वर्षी रसेलने व्हिन्सेंटचे एक व्यक्तिचित्र रंगविले. ते चित्र आज आम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. हातात कुंचला धरलेला, मान किंचित वळवून संशयाने पाहणारा असा व्हिन्सेंट त्यात दिसतो.

१८८८ च्या फेब्रुवारीत व्हिन्सेंट पॅरिस सोडून दक्षिणेकडे आर्ल या गावी गेला. त्याच सुमारास रसेलने मारियाना मात्तिओक्को या इटालियन तरुणीशी विवाह केला. प्रख्यात शिल्पकार रोदाँ याच्यापुढे ती नमुना म्हणून बसत असे. विवाहानंतर रसेलने ब्रिटानीच्या किनाऱ्याजवळील बेल-ईल या बेटावर बिऱ्हाड करण्याचे ठरविले. एक मित्र देशाच्या दक्षिण टोकाला आणि दुसरा पश्चिमेच्या समुद्रात; आता भेट व्हावयाची ती पत्रांतूनच.

व्हिन्सेंटने पूर्वी लंडनमध्ये नोकरी केली होती. म्हणून रसेलला तो इंग्रजीत लिही. फ्रान्समधून एक डच मनुष्य एका ऑस्ट्रेलियन मनुष्यास इंग्रजी पत्र लिहितो, हे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे परदेशी राहणाऱ्या माणसास मित्राच्या भाषेचा केवढा आधार वाटतो ते कळते. १८८८ च्या जूनमधील त्याचे एक पत्र न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात सुरक्षित आहे. हंगामाचे दिवस असून आपण सदैव शेतांत असतो, असे तो आरंभी कळवितो. पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याचे एक चित्र हाती घेतले आहे; जमीन जांभळी, आकाश व सूर्य पिवळे; विषय कठीण आहे, असे तो सांगतो. मध्येच आर्ल गावाविषयी काही लिहावयाचे म्हणून तो सरसावतो. पण दुपारी पाहिलेल्या एका मळकट मुलीचा चेहरा त्याला आठवतो आणि लिहिणे सोडून त्याच कागदावर तो तिचे मस्तक रेखाटू लागतो. मग मित्राला हे सगळे सांगून तो क्षमाही मागतो! एवढ्या एका प्रसंगातून तो मनुष्य जसा आपल्यासमोर उभा राहतो, तसा शंभर पानांच्या चरित्रातूनही राहणार नाही.

परंतु याच पत्रात एक विनंतीही आहे. पॉल गोगँ हा चित्रकार त्या वेळी ब्रिटानीत आजारी आणि कर्जबाजारी होऊन पडला होता. त्याचे एक चित्र थिओपाशी होते. ते रसेलने विकत घ्यावे, म्हणजे गोगँची अडचण दूर होईल, अशी व्हिन्सेंटची इच्छा होती. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, स्वतः व्हिन्सेंटची स्थिती काही बरी नव्हती. रंग आणि कापड यांसाठी तो भावाच्या मनीऑर्डरीची वाट पाहत बसे. तरी त्याने श्रीमंत मित्राकडे मागणे घातले ते दुसऱ्यासाठी. पुढे ऑगस्टच्या प्रारंभी त्याने आपल्या चित्रांवरून केलेली बारा रेखाटने रसेलला भेट म्हणून धाडली. त्या भेटीमागेही रसेलचे मन गोगँकडे वळावे हा हेतू होता.

रसेलने चित्र घेतले नाही. बेटावर घर आणि चित्रशाळा बांधण्याचा खर्च त्याच्यामागे लागला होता. या ठिकाणी रसेलला कृपण ठरविणे फार सोपे आहे. आज गोगँची चित्रे कोणत्या मोलाने विकली जातात हे आपल्याला ठाऊक आहे. पण ज्याने आयुष्यात एकदा तरी घर बांधले आहे तो त्याला इतक्या लवकर दोष देणार नाही. शिवाय स्नेह त्यामुळे तुटला नाही. व्हिन्सेंटच्या मनाचा तोल १८८८ च्या डिसेंबरात ढळला. पुढच्या वर्षी सँ-रेमीच्या रुग्णालयात असताना त्याने थिओला मुद्दाम लिहिले की, रसेलने केलेले माझे चित्र नीट सांभाळ, ते मला मोलाचे आहे. १८९० च्या जानेवारीत ऑरिये या तरुण टीकाकाराने व्हिन्सेंटच्या कलेवर पहिला मोठा प्रशंसापर लेख लिहिला. त्याची प्रत ज्यांना आवर्जून गेली त्यांत रसेल होता. त्याच वर्षी २९ जुलै रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, व्हिन्सेंटने या जगाचा निरोप घेतला.

आता रसेलचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. बेल-ईलवर तो वीस वर्षे राहिला. समुद्र, खडक आणि बागा यांची त्याने पुष्कळ चित्रे केली. पण विकण्याची गरज नसल्यामुळे ती लोकांपुढे फारशी आलीच नाहीत. १८९६ व १८९७ या वर्षी आंरी मातीस हा तरुण चित्रकार त्याच्याकडे येऊन गेला. तोपर्यंत मातीसची चित्रे मातकट रंगाची असत. रंगांचा विचार आपल्याला रसेलने उलगडून दाखविला, असे मातीसने पुढे कृतज्ञतेने सांगितले. व्हिन्सेंटने पाठविलेल्या बारा रेखाटनांपैकी एक रसेलने या तरुणाला भेट दिले. त्या काळी व्हिन्सेंटचे नाव फारच थोड्यांना माहीत होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या भेटीचे मर्म कळेल. एका मित्राचा ठेवा दुसऱ्याने सांभाळला आणि योग्य वेळी तिसऱ्याच्या हाती दिला.

१९०८ साली मारियाना निवर्तली. त्या दुःखात रसेलने स्वतःची शेकडो चित्रे नष्ट केली आणि बेट सोडले. उतारवयात तो सिडनीस परतला व १९३० साली तेथेच वारला. त्याच्या देशाने त्याची योग्यता ओळखली ती पुष्कळ उशिरा. आज त्याच्याविषयी जे कळते त्यातील मोठा भाग पत्रांवरून कळतो. व्हिन्सेंट आणि रोदाँ यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता, तसाच मेलबर्नच्या टॉम रॉबर्ट्स या जुन्या मित्राशीही होता. स्वतःची चित्रे त्याने नष्ट केली, मित्रांची पत्रे केली नाहीत. आणि त्या पत्रांनीच त्याला विस्मृतीतून वर काढले.

येथे या कथेतील खऱ्या कर्त्या व्यक्तीकडे वळले पाहिजे. व्हिन्सेंटच्या मागोमाग सहाच महिन्यांनी, १८९१ च्या जानेवारीत, थिओही मरण पावला. मागे राहिली ती थिओची पत्नी योहानाबाई आणि एक वर्षाचे तान्हे मूल. बाईंचे वय अवघे अठ्ठावीस. संसार जेमतेम पावणेदोन वर्षांचा. पदरी आल्या त्या, कोणी न घेतलेल्या चित्रांच्या राशी आणि थोरल्या दिरांनी नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांचे गठ्ठे. बाई हॉलंडला परतल्या, निर्वाहासाठी पाहुण्यांना राहण्याजेवण्याची सोय करून देणारे घर चालवू लागल्या, आणि रात्री ती पत्रे वाचू लागल्या. व्हिन्सेंटला पत्रावर तारीख घालण्याची सवय नव्हती. म्हणून एकेका पत्राचा मजकूर ताडून पाहत त्यांची क्रमवारी लावण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. माणसाविषयी कुतूहल जागे होण्याआधी त्याच्या कलेला मान मिळाला पाहिजे, या विचाराने त्यांनी प्रकाशनाची घाई केली नाही. प्रथम चित्रांची प्रदर्शने भरविली, आणि १९१४ साली थिओला लिहिलेली पत्रे तीन खंडांत प्रसिद्ध केली. १९२५ साली मृत्यूने गाठले तेव्हा त्या पत्रांचा इंग्रजी अनुवाद करण्यात त्या गुंतल्या होत्या.

२००९ साली या सर्व पत्रांची नवी साक्षेपी आवृत्ती निघाली. तीत व्हिन्सेंटने लिहिलेली ८१९ पत्रे आहेत. त्याला आलेली मात्र केवळ ८३. हे दोन आकडे आम्ही वाचकांपुढे मुद्दाम ठेवीत आहो. ज्या घरांनी पत्रे जपली तेथला आवाज ऐकू येतो. जेथे कोणी जपली नाहीत तेथला आवाज कायमचा लोपतो. म्हणूनच व्हिन्सेंट व रसेल यांच्या संभाषणात आपल्याला एकाचे बोलणे बरेचसे ऐकू येते आणि दुसऱ्याचे तुटक तुटक.

या विषयात आपल्या महाराष्ट्राला परक्यांकडून धडा घेण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी घरोघरीची दप्तरे मिळविण्यासाठी गावोगाव पायपीट केली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेही याच तळमळीतून. परंतु राजवाड्यांना जी दप्तरे मिळाली ती कोणीतरी, बहुधा घरातल्या एखाद्या वृद्ध आजीने, रुमालात बांधून माळ्यावर ठेवली होती म्हणून मिळाली, असे आम्हांस वाटते.

आपल्या कुटुंबांतूनही कोणी नोकरीनिमित्त मुंबईस आले, कोणी आफ्रिकेत गेले, कोणी पुढे विलायत-अमेरिकेत स्थायिक झाले. त्यांनी घरी पत्रे लिहिली. खोलीचे भाडे, खाणावळीतील जेवण, पहिला पगार, बहिणीच्या लग्नाची काळजी हे सर्व त्यांत आहे. दिवाळीच्या साफसफाईत यांतील किती पत्रे बंबात गेली असतील, याचा हिशेब कोण देणार? जी वाचली आहेत त्यांच्यासाठी एवढेच करावे. पत्र कोणी कोणास लिहिले ते वेगळ्या कागदावर नोंदवून सोबत ठेवावे, कारण आजीला ठाऊक असलेली नावे नातीला ठाऊक नसतात. मोडीतील कागद असल्यास जाणकाराकडून बाळबोधीत उतरवून घ्यावे. आणि आजची पिढी दूरध्वनीवर जे चार शब्द लिहिते आणि पुसते, त्यांतील काही तरी कागदावर उतरवून ठेवण्याची सवय मुलांना लावावी.

आपल्या घरात व्हॅन गॉग जन्मला नसेल. परंतु योहानाबाई होण्यास कोणाची आडकाठी नाही. एक कोरडी पेटी, थोडा वेळ आणि गेलेल्या माणसाविषयी माया, एवढ्यावर ते काम होते. पुढील स्मरणिकेत अशा एखाद्या पेटीतील पत्रांचा परिचय एखाद्या भगिनीच्या लेखणीतून वाचावयास मिळावा, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही हा लेख पुरा करतो.