अपघाताच्या भरपाईवर आयकर लागतो का? हजीऱ्याच्या वाटेवरच्या कुटुंबांसाठी माहिती

हजीरा : सुरतजवळच्या हजीरा पट्ट्यात पोलाद, खत आणि पेट्रोकेमिकलचे कारखाने आहेत, बंदर आहे. इथूनच निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ नवापूर, धुळे, जळगाव करत नागपूरकडे जातो. खान्देशातली अनेक माणसं याच रस्त्याने कामाला ये-जा करतात. अपघात झाला, दावा चालला आणि पैसे मंजूर झाले, की घरात प्रश्न निघतो : यातून कर किती जाणार?

मूळ रक्कम

हात-पाय गेला किंवा घरचा कर्ता गेला, त्याची भरपाई ही कमाई नव्हे. गेलेल्या गोष्टीचा तो मोबदला. म्हणून मोटार अपघात न्यायाधिकरणाने दिलेल्या मूळ रकमेवर आयकर लागत नाही. लोकअदालतीत तडजोड झाली तरी तेच. कारखान्यातल्या इजेच्या भरपाईचंही तसंच. मात्र मालकाने त्याच चेकमध्ये थकलेला पगार किंवा रजेचे पैसे घातले असतील, तर तेवढा भाग पगारात धरला जातो.

घोळ व्याजाचा

दावा वर्षानुवर्षं चालतो, म्हणून न्यायाधिकरण व्याजही देतं. समजा, मूळ रक्कम १२ लाख आणि साडेसात टक्क्यांनी ४ वर्षांचं व्याज ३ लाख ६० हजार. आयकर कायदा १९६१ प्रमाणे असं व्याज वर्षात ५० हजारांच्या वर गेलं, की विमा कंपनी १० टक्के टीडीएस कापायची. म्हणजे ३६ हजार हातात पडायच्या आधीच गेले. पॅन दिला नसेल तर कपात २० टक्के.

कर लावताना व्याजातून निम्मी वजावट मिळायची. वरच्या हिशोबात १ लाख ८० हजारच उत्पन्न धरलं जाई. दुसरी कमाई नसेल तर कर शून्य, पण रिटर्न भरल्याशिवाय ३६ हजार परत येत नसत. अनेकांनी ते भरलंच नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की दावा दाखल झाल्यापासून निकालापर्यंतचं, अपील झालं असेल तर अपिलाच्या निकालापर्यंतचं, व्याज हा भरपाईचाच भाग आहे, उत्पन्न नाही. गुजरात उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये असं व्याज करपात्र नसल्याचं म्हटलं. पुढे १ फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात, व्यक्तीला न्यायाधिकरणाकडून मिळणारं व्याज करमुक्त करण्याची आणि त्यावरचा टीडीएस बंद करण्याची घोषणा झाली. ही सूट मोटार अपघाताच्या दाव्यांपुरती आहे. कारखान्यातल्या भरपाईवरच्या व्याजाचा हिशोब वेगळा करून घ्यावा.

बँकेत ठेवल्यावर

भरपाईची एफडी केली की त्यावर बँक देते ते व्याज नेहमीसारखं करपात्र. मूळ पैसे करमुक्त होते म्हणून हे सुटत नाही. अज्ञान मुलाच्या नावची एफडी असेल तर व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या खात्यात मोजतात. पण मूल कायद्याच्या व्याख्येप्रमाणे दिव्यांग असेल तर ते मुलाचंच उत्पन्न राहतं. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल तर बँकेत तसा फॉर्म वेळेत भरून द्यावा, म्हणजे टीडीएस कापला जात नाही.

काय जपून ठेवावं

- निकालाची किंवा तडजोडीची प्रत. त्यात मूळ रक्कम आणि व्याज वेगवेगळं लिहून घ्यावं.
- पॅन. दावेदार जितके, तितके पॅन लागतात.
- टीडीएसचं प्रमाणपत्र. कपात फॉर्म २६एएसमध्ये दिसते का तेही बघावं.
- जुन्या वर्षाचा टीडीएस अडकला असेल तर उशीर माफ करून घेण्याचा अर्ज आयकर खात्याकडे करता येतो. त्याला ५ वर्षांची मर्यादा आहे.

आणखी एक गोष्ट. अपघात सुरत जिल्ह्यात झाला तरी मोटार दावा सुरतलाच लावावा असं नाही. दावेदार राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो लावता येतो. म्हणजे नवापूरच्या माणसाला नंदुरबार जिल्ह्यातच दाद मागता येते. तारखेला राज्य ओलांडायची गरज नाही.