पाव कोणाच्या हातचा? रोडग्यापासून ब्रेड मशीनपर्यंत

ज्यांना ऐकण्याऐवजी वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं निघालं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त वाक्यं थोडी सरळ केलीत.

आजचा विषय आहे घरी ब्रेड बनवायचं मशीन. म्हणजे पीठ, पाणी, मीठ, साखर, थोडं तेल आणि यीस्ट एका भांड्यात टाकायचं, बटण दाबायचं आणि तीन-चार तासांनी गरम ब्रेड बाहेर काढायचा. अमरावती, अकोल्यातही आता काही घरांत हे यंत्र दिसतं. कोणी ऑनलाइन मागवलं, कोणाच्या पुण्यातल्या पोराने आणून दिलं. विकत का घेतलं असं विचारलं, की बहुतेक वेळा एक उत्तर येतं: "बाहेरचा पाव कोण जाणे कोणाच्या हातचा असते!"

हे वाक्य नीट ऐका, कारण ते फार जुनं आहे. मशीन नवीन असलं तरी ही शंका निदान पावणेदोनशे वर्षं मागे जाते. आज आपण तिचाच माग काढू.

आधी आपलं घरचं

वऱ्हाडाला भाजलेली कणीक काही नवी नाही. आपल्याकडे रोडगे आहेत. जाडसर कणीक घट्ट मळायची, तेलाचा हात लावून पदर घालत गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या जगऱ्यात भाजायचा. राख झटकून, फोडून, तुपासोबत खायचा. बाजूला वांग्याची भाजी आणि वरण. पानगे म्हणजे त्यांचेच भाऊ, ते पळसाच्या पानांत भाजतात. चांदूर बाजार तालुक्यातल्या बहिरमच्या यात्रेत गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

रोडग्यात यीस्ट नसतं, म्हणून तो फुगत नाही, भरीव राहतो. आणि तो एकट्याने होत नाही. कोणी गोवऱ्या रचते, कोणी कणीक मळते, कोणी काडीने उलथवत बसते. पंगतीचं खाणं आहे ते. पण त्या पंगतीत कोण बसायचं आणि कोण लांब उभं राहायचं, हेही ठरलेलं होतं. हे विसरून रोडग्याचं नुसतं कौतुक करणं बरं नाही.

पाव खाल्ला म्हणजे बाटला

फुगलेला पाव आला पोर्तुगीजांसोबत. त्यांनी १५१० मध्ये गोवा घेतला. त्यांच्या भाषेत ब्रेडला जे म्हणतात त्यावरूनच आपला 'पाव' शब्द आला. पायाने मळतात म्हणून पाव, ही कथा लय लोक सांगतात, पण ती खरी नाही. गोव्यात पीठ फुगवायला माडी वापरायचे. पुढे गोव्याचे ख्रिस्ती बेकरीवाले मुंबईत आले आणि शहराला पावाची सवय लागली.

पण सवय सगळ्यांना लागली नाही. जुन्या समजुतीत कोरडं धान्य, कोरडं पीठ कोणाकडूनही चालायचं. त्यात पाणी पडलं की मात्र प्रश्न यायचा, की पाणी कोणाचं आणि हात कोणाचा? पाव म्हणजे पिठात पाणी घालून दुसऱ्या धर्माच्या माणसाने मळलेली, भाजलेली वस्तू. म्हणून तो खाल्ला की माणूस 'बाटला'. विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या गोष्टी कोकणपट्टीत आजही सांगतात. त्या सगळ्या घडल्या असोत नसोत, लोकांना त्या खऱ्या वाटत होत्या, यातच सगळं आलं.

याच भीतीवर काही पोरांनी उलटा डाव टाकला. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग आणि त्यांचे सहकारी जातिभेद मोडायचा म्हणत होते. सभेत प्रवेश घ्यायचा तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. बस, एवढीच परीक्षा! आज हसू येईल, पण तेव्हा घर, लग्न, वारसा, सगळं पणाला लागायचं. म्हणून सभा गुप्त होती. १८६० च्या सुमारास सभासदांची नावं बाहेर फुटली आणि सभाच संपली. पावाचा एक तुकडा तेव्हा एवढा महाग होता.

तीस वर्षांनी पुण्यात पुन्हा तेच झालं. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांसमोर चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, नावं छापून आणली आणि गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. चहा-बिस्किटासाठी, बाप्पा!

वऱ्हाडात काय चाललं होतं?

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० नंतर आपल्या कापसाचा भाव चढला. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेला रेल्वेमार्ग शेगाव, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचला. कापूस मुंबईला जायचा आणि मुंबईच्या सवयी परतीच्या गाडीने इकडे यायच्या. तरी घरात मुख्य अन्न ज्वारीची भाकरच राहिली. पाव राहिला आजाऱ्याचं नाहीतर हॉटेलातलं खाणं.

पण 'कोणाच्या हातचं' हा प्रश्न इथेही तेवढाच धारदार होता. १९२७ मध्ये मार्च महिन्यात महाडला चवदार तळ्याचं पाणी, आणि त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा लढा. त्यासाठी नोव्हेंबरमध्ये डॉ. आंबेडकर अमरावतीला आले होते आणि डॉ. पंजाबराव देशमुख या लढ्याच्या बाजूने उभे होते. पाणी, देऊळ आणि पाव, तिन्ही ठिकाणी प्रश्न स्पर्शाचाच होता.

हात दिसेनासे झाले

स्वातंत्र्यानंतर ब्रेड कारखान्यात गेला. १९६५ मध्ये केंद्र सरकारने ऑस्ट्रेलियाच्या मदतीने मॉडर्न बेकरीज काढली. यंत्राने मळलेला, यंत्राने कापलेला, कागदात गुंडाळलेला ब्रेड शहरोशहरी मिळू लागला. इथे एक मजेशीर गोष्ट झाली. जो पाव बाटवत होता, तोच कागदात आल्यावर 'स्वच्छ' झाला, कारण हात दिसेनासे झाले. गल्लीतल्या भट्टीवरचा पाववाला मात्र तसाच संशयात राहिला.

मग जून २०१६ मध्ये भारतात ब्रेडमधल्या पोटॅशियम ब्रोमेटवर बंदी आली. त्याआधी दिल्लीतल्या सीएसई या संस्थेने ब्रेडचे नमुने तपासले होते, आणि त्यात मोठ्या कंपन्यांचे पॅकेटबंद ब्रेडही होते. म्हणजे कागद गुंडाळला की सगळं शुद्ध, हेही खरं नव्हतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी ब्रेड करायची लाट आली आणि मशीनचं नाव घरोघरी ऐकू येऊ लागलं.

मशीनच्या पोटातला माणूस

आता या मशीनचा जन्म ऐका. १९८५ च्या सुमारास जपानमधल्या ओसाकात मात्सुशिता, म्हणजे आजची पॅनासोनिक, घरगुती ब्रेड मशीन बनवत होती. पण पीठ काही नीट मळलं जाईना. वरून करपायचं, आतून कच्चं राहायचं. यंत्राने मळलेल्या आणि माणसाने मळलेल्या पिठाचे एक्स-रे काढून पाहिले, तरी कोडं सुटेना.

शेवटी कंपनीतल्या इकुको तानाका यांनी वेगळा मार्ग धरला. ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या ब्रेडचं शहरात नाव होतं. तिथल्या मुख्य बेकरीवाल्याकडे त्या पीठ मळायला शिकल्या. तो पीठ नुसतं दाबत नव्हता, एका खास पद्धतीने ताणत आणि पिळत होता. तेच त्यांनी इंजिनिअरांना समजावलं. भांड्याच्या आतल्या बाजूला उभ्या कडा दिल्या, पातं बदललं, कित्येक महिने चाचण्या केल्या. १९८७ मध्ये मशीन बाजारात आलं.

म्हणजे ज्या यंत्राला आपण 'कोणाचा हात लागत नाही' म्हणून घेतो, त्याच्या पोटात एका बेकरीवाल्याचा हातच बसवलाय.

अकोल्याच्या उन्हात

ज्यांच्या घरी मशीन आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. ओसाकाच्या त्या इंजिनिअरांनाही उन्हाळ्याने छळलं होतं. गरमीत यीस्ट आधीच जोर करते आणि पीठ वेळेआधी फुगून बसतं. म्हणून त्यांनी यीस्ट उशिरा पडेल अशी सोय केली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा फ्रिजचं गार पाणी घ्या, यीस्ट थोडं कमी टाका आणि टायमर लावून रात्रभर पीठ भिजत ठेवू नका.

पिठाचंही तसंच. बन्सी गहू शेवयांना छान, पण त्याचं पीठ हवा धरून ठेवत नाही, ब्रेड बसका होतो. लोकवनचं चक्कीचं पीठ चालते, पण कोंड्यामुळे ब्रेड मैद्याएवढा फुगणार नाही. पाणी थोडं जास्त लागते. आणि लाइट गेली तर? काही मशीनला साधारण दहा मिनिटांपर्यंत आपलं काम लक्षात राहतं, त्यापुढे नाही. तसं झालं तर रडू नका, पीठ काढा, कुकरमध्ये नाहीतर कढईत भाजा. आपले आजोबा तर जगऱ्यात भाजत होते!

मग बाहेरचा पाव खायचा का नाही?

स्वच्छता बघायचा हक्क सगळ्यांना आहे. भट्टी बघा, भांडी बघा, लायसन बघा, वास घ्या. पण "कोणाच्या हातचा" म्हणताना आपण नेमकं काय विचारतोय, हे एकदा स्वतःला विचारा. हात धुतलेला आहे का, हा प्रश्न वेगळा. हात कोणत्या घरातला आहे, हा प्रश्न वेगळा. पहिला आरोग्याचा आहे. दुसऱ्यासाठी १८४९ मध्ये आपल्याच वयाच्या पोरांनी लपून पाव खाल्ला होता.

मशीन घ्या, मस्त ब्रेड करा, शेजारी एक तुकडा पाठवा. आणि पहाटे तीनला उठून भट्टी पेटवणाऱ्या तुमच्या चौकातल्या पाववाल्याला एकदा विचारा, "भाऊ, उन्हाळ्यात पीठ कसं सांभाळता?" जे तानाकाबाई शिकायला गेल्या, ते त्याला रोज करावं लागते.

तुमच्या गावातल्या जुन्या बेकरीची गोष्ट माहीत असेल, तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. चला मंडळी, येतो. राम राम!