‘वडील’ आणि मंडळी : मराठी प्रेस्बिटेरियन मंडळीजीवनातील एका शब्दाचा इतिहास

तापी आणि पूर्णा यांचा संगम ज्या चांगदेव गावापाशी होतो, ते गाव जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर तालुक्यात मोडते. तालुक्याचे ठाणे असलेल्या मुक्ताईनगरचे जुने नाव एदलाबाद. जवळच कोथळी व मेहूण येथे मुक्ताबाईची स्थाने आहेत आणि शके १२१९ मध्ये, म्हणजे इ. स. १२९७ साली, ती याच परिसरात विजेच्या लोळात अंतर्धान पावली असे वारकरी परंपरा सांगते. चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवाने कोवळ्या वयाच्या मुक्ताबाईला गुरू केले, ही कथाही याच परंपरेतील आहे. कथेची ऐतिहासिकता हा येथे गौण प्रश्न होय. वय आणि अधिकार यांची फारकत होऊ शकते हे या कथेने गृहीत धरले आहे, आणि ते खानदेशाने आनंदाने मान्य केले आहे, हे महत्त्वाचे. उलट, ज्या भाषेत ही कथा सांगितली गेली त्या भाषेतील ‘वडील’ हा शब्द वय, जन्म आणि अधिकार यांना एकाच गाठीत बांधूनच वावरत आला. एकोणिसाव्या शतकात मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजात निवडणुकीने मिळणाऱ्या एका पदास नेमका हाच शब्द लागला. त्यातून जे घडले व जे घडू शकले नाही, त्याचा मागोवा घेणे उद्बोधक ठरेल.

‘प्रेस्बिटेरियन’ हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले त्या ‘प्रेस्बिटेरॉस’चा मूळ अर्थ ‘वयाने मोठा’ असा आहे. या पंथात बिशपाची सत्ता नाही. तसेच काँग्रिगेशनल पंथाप्रमाणे सर्व निर्णय सभासदांच्या सभेवरही सोपविलेले नाहीत. मंडळी आपल्यातून काही वडील निवडते. ते आणि पाळक मिळून मंडळीची ‘सेशन’ ही सभा होते. तिच्यावर प्रेसबिटरी, तिच्यावर सिनड आणि सर्वांत वर जनरल असेंब्ली, अशी ही उतरंड आहे. मराठी बायबलात ‘प्रेस्बिटेरॉस’ला ‘वडील’, ‘एपिस्कोपॉस’ला ‘अध्यक्ष’, ‘डायाकोनॉस’ला ‘सेवक’ आणि ‘एक्लेसिया’ला ‘मंडळी’ असे प्रतिशब्द आहेत. यांतील ‘मंडळी’ हा शब्द विशेष मार्मिक आहे. मराठीत घरची मंडळी, गावची मंडळी, नाटक मंडळी, भजनी मंडळी असे सर्व प्रकारचे समूह या एका शब्दात मावतात. त्यात ना जातीचा निर्देश आहे, ना इमारतीचा. ‘देऊळ’ म्हटले की वास्तू डोळ्यांपुढे येते, ‘मंडळी’ म्हटले की माणसे. मराठी ख्रिस्ती बोलीत हे दोन्ही शब्द टिकले आणि त्यांतील भेदही टिकला, ही भाषेच्या दृष्टीने मोठीच सोय झाली.

‘वडील’ या शब्दाची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. मराठी वतनी कागदपत्रांशी ज्याचा थोडाही परिचय आहे त्याला ‘वडीलपण’ या शब्दाचे वजन सांगावयास नको. पाटीलकीच्या वतनात दोन भाऊबंद शाखा असल्या की थोरली कोणती यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालत. पोळ्याला कोणाचा बैल आधी, होळीची पोळी कोणाची, कागदावर नांगराची निशाणी कोणी करावयाची, हे सर्व मान वडीलपणावर ठरत. निवाडा गोतसभेत होई आणि त्याचा महजर लिहिला जाई. त्यावर पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारांच्याही निशाण्या पडत. म्हणजे गावातील महार-मांगांना दुसऱ्याच्या वडीलपणाची साक्ष देण्याचा हक्क होता. गावापुढे स्वतः वडील म्हणून उभे राहण्याचा नव्हता. घरात ‘वडील’ म्हणजे बाप, भावकीत ‘वडील’ म्हणजे थोरली शाखा, आणि दोन्ही ठिकाणी ते जन्माने ठरलेले. असा हा शब्द मतदानाने मिळणाऱ्या पदाला लावणे म्हणजे त्याच्या पोटातील जुना अर्थ हलविणे होते. भाषांतरकारांना याची जाणीव कितपत होती, याविषयी तर्क करण्यापेक्षा शब्दाचा पुढील प्रवास पाहणे अधिक हितावह.

स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल १८२३ साली मुंबईस उतरले आणि त्याच वर्षी निवर्तले. त्यांच्या मागून आलेल्यांनी बाणकोट व हर्णै येथे शाळा चालविल्या. त्यांपैकी जॉन स्टीव्हन्सन यांचे मराठी व्याकरण १८३३ मध्ये प्रसिद्ध झाले. १८२९ साली जॉन विल्सन आले आणि १८३१ मध्ये त्यांनी मुंबईत प्रेस्बिटेरियन पद्धतीची एतद्देशीय मंडळी स्थापन केली. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ मधील दुसऱ्या आवृत्तीस मराठी भाषेच्या घटकांविषयीचे टिपण जोडणारे विल्सन ते हेच. ही माणसे मराठीची जाणकार होती, एवढे येथे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

स्कॉटलंडमध्ये १८४३ साली जे झाले त्याचा संबंध या विषयाशी वरवर दिसतो त्याहून निकटचा आहे. तेथे पाळक नेमण्याचा हक्क पुष्कळ ठिकाणी जमीनदार आश्रयदात्याकडे वंशपरंपरेने चालत आलेला होता. मंडळीला नको असलेला पाळक तिच्यावर लादला जाऊ शके, आणि न्यायालयांनी तो हक्क उचलून धरला. तेव्हा मे १८४३ मध्ये साडेचारशेंहून अधिक पाळक राजमान्य चर्च सोडून बाहेर पडले व फ्री चर्चची स्थापना झाली. वतनी हक्क विरुद्ध मंडळीची निवड, असाच हा तंटा होता. मराठी वाचकाला तो परका वाटू नये. मुंबई व पुणे येथील स्कॉटिश मिशनऱ्यांनी फ्री चर्चचा पक्ष घेतला आणि शाळेची इमारत व साहित्य यांवर पाणी सोडले. ज्या हक्कासाठी त्यांनी मायदेशातील आश्रय सोडला, तोच हक्क मराठी मंडळीला द्यावयाची वेळ आली तेव्हा काय झाले, हा पुढील प्रश्न.

त्याच १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचे प्रकरण न्यायालयात गेले. मुलगा घरच्यांच्या स्वाधीन झाल्यावर त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावरून ब्रह्मवृंदात दोन तट पडले, आणि बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याला परत घेण्याचा पक्ष उचलला. मराठी प्रबोधनाच्या इतिहासात ही हकीकत श्रीपतच्या नावाने नोंदली जाते. नारायण शेषाद्रींचे पुढील चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे कार्य मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिले. १८५४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे त्यांनी निजामाच्या राज्यातील जालना हे आपले क्षेत्र केले आणि सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. त्यांच्या मंडळीत मांग समाजातून आलेल्यांचा भरणा मोठा होता. १८९१ मध्ये ते निवर्तले.

बेथेलचे महत्त्व एवढ्यासाठी की तेथे ‘वडील’ हा शब्द गावकीच्या बाहेर पडला. गावात राहून ख्रिस्ती झालेल्या माणसाला गावकीची जुनी कामे सुटत नसत. मुंबई इलाख्यात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा झाला तो थेट १९५८ साली. तोपर्यंत रविवारी उपासनेला बसलेल्या माणसाला वेसकरकीसाठी हाक आली तर त्याने काय करावे, हा धर्मशास्त्राचा नव्हे, पोटाचा प्रश्न होता. स्वतंत्र वसलेल्या गावात ती हाक मारणारे कोणी नव्हते. तेथे ज्याला मंडळीने वडील म्हणून पुढे केले, त्याच्यावर दुसऱ्या कोणाचे वडीलपण उरत नव्हते, पाळकाचे सोडून. आणि पाळक जन्माने ब्राह्मण होता, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

या वडिलांकडे कामे तरी कोणती होती? प्रेस्बिटेरियन पद्धतीत सभासदत्वासाठी आलेल्यांची परीक्षा घेणे, आजाऱ्यांच्या व निराधारांच्या घरी जाणे, सभासदांची वही ठेवणे आणि शिस्तीचा भंग करणाऱ्यास बोलावून समज देणे, ही सेशनची नित्याची कामे होत. आठवड्याचा क्रम रविवारची उपासना, मुलांची रविवारची शाळा आणि मधल्या वारी प्रार्थनासभा असा असे. ज्या गावचा आठवडे बाजार रविवारी भरे तेथील शेतमजुराला हा क्रम पाळणे किती जड जात असेल, हे सांगावयास नको. परंतु वडिलांचे खरे स्थान दिसे ते प्रभुभोजनाच्या प्रसंगी. स्कॉटिश प्रथेप्रमाणे सभासद बसून राहतात आणि भाकर व प्याला वडिलांच्या हातून त्यांच्यापर्यंत येतो. ज्या समाजात कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे हे जन्माने ठरलेले होते, तेथे मांग वडिलाने प्याला पुढे करावा आणि इतरांनी तो ओठांना लावावा, या एका कृतीपुढे पुष्कळशी प्रवचने फिकी ठरतात.

दुसरा प्रसंग त्याहून साधा आहे आणि म्हणूनच अभ्यासकांच्या नजरेतून निसटतो. तो म्हणजे उपासनेतील सूचनांचा. येत्या आठवड्यातील सभा कोठे, स्त्रियांची प्रार्थना कोणाच्या घरी, प्रभुभोजनापूर्वीची तयारीची उपासना कोणत्या वारी, नाताळासाठी भजनाचा सराव केव्हा, हे सर्व मंडळीपुढे वाचून दाखविले जाते. या सूचनांची मराठी एक स्वतंत्र शैली आहे. ‘अगत्य येण्याचे करावे’ हा जुन्या पत्रव्यवहारातील आर्जव, ‘सभा होईल’ हे कार्यालयीन भविष्य आणि बायबलच्या भाषेतील संबोधने तीत एकत्र नांदतात. पण सूचना म्हणजे नुसती माहिती नव्हे. नव्याने निवडलेल्या वडिलांची नावे दीक्षेपूर्वी मंडळीपुढे वाचावयाची आणि कोणाची हरकत असल्यास ती मागवावयाची, हा प्रेस्बिटेरियन शिस्तीचा भाग आहे. विवाहाच्या बाबतीत तर सूचनेला कायद्याचे बळ आले. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चच्या पाळकांस वेगळे स्थान दिले. फ्री चर्च किंवा अमेरिकन मिशन यांच्या पाळकांस सरकारी परवाना घ्यावा लागे, आणि परवानाधारक पाळकाने विवाहाची सूचना उपासनामंदिरात ठळक जागी लावावी असे बंधन आले. चर्च सोडून बाहेर पडण्याची किंमत अशी तीन दशकांनंतर, हिंदुस्थानातही मोजावी लागली. सूचना सर्वांदेखत होत असल्याने निर्णय कोणी घेतला, केव्हा घेतला, हे मंडळीतील निरक्षर सभासदालाही ठाऊक होई. गोतसभेतही सर्व काही उघड्यावरच चाले. फरक एवढाच की येथे हरकत घेणाऱ्याला आपली शाखा थोरली असल्याचे सिद्ध करावे लागत नव्हते.

तथापि या चित्रावर भाळून जाण्याचे कारण नाही. वडील निवडून येत होते. पैसा येत होता एडिंबर्गहून व न्यूयॉर्कहून. शिक्षक, प्रचारक आणि बहुतेक पाळक मिशनचे पगारदार होते. आपल्या पोटावर ज्याचा हात त्याच्याशी समानतेने कारभार करणे कोणत्याही सभेत अवघड. कोल्हापुरात १८५२ साली रॉयल वाइल्डर यांनी सुरू केलेले कार्य १८७० मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले आणि पुढे रत्नागिरी, सांगली, मिरज येथपर्यंत पसरले. तेथेही प्रश्न तोच होता. या प्रश्नाला सर्वांत जाहीर उत्तर दिले ते प्रेस्बिटेरियन नव्हे, तर अहमदनगरच्या काँग्रिगेशनल परंपरेतील माणसाने. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. ‘मंडळी’ हा शब्द टाकून त्यांनी ‘दरबार’ घेतला, हे लक्षणीय आहे. दरबारात राजा एक, बाकी सारे सारखे; मधले वडील नाहीत आणि मिशनही नाही. १९१९ मध्ये ते वारले. दरबार फार टिकला नाही. टिकली ती त्यांची अभंग-भजने.

स्त्रियांची गोष्ट याहून सावकाश चालली. मंडळीत स्त्रिया होत्या, त्यांच्या स्वतंत्र सभा होत्या, शिक्षिका म्हणून त्या कारभाराच्या अगदी जवळ होत्या. परंतु अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चने स्त्रियांना वडीलपद खुले केले ते १९३० साली आणि स्कॉटलंडच्या चर्चने १९६६ साली. येथे मराठी भाषा तिच्या वापरकर्त्यांपेक्षा उदार होती असे म्हणावयास हरकत नाही. ‘वडील’ हे नाम म्हणून बापाचा वाचक असला, तरी विशेषण म्हणून त्याला लिंगभेद नाही. वडील भाऊ आणि वडील बहीण दोन्ही शुद्ध. शब्दाने दार अडविलेले नव्हते.

खुद्द खानदेश हे प्रेस्बिटेरियन मिशनांचे क्षेत्र नव्हते. वऱ्हाड आणि खानदेश येथे अमेरिकेतील ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही संस्था आली. अकोला, भुसावळ ही तिची ठाणी. परंतु तिचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन हे १८८१ पर्यंत कॅनडा व अमेरिकेत प्रेस्बिटेरियन पाळक होते. पंथ सोडला तरी वडिलांच्या सभेने मंडळीचा कारभार पाहावा ही सवय त्यांच्या संस्थेने सोडली नाही. त्यामुळे पूर्व खानदेशाच्या लेवा व तावडी बोलींच्या मुलुखातही निवडून आलेला ‘वडील’ वेगळ्या वाटेने पोहोचला. टिळकांचा आणि या प्रदेशाचा संबंध निराळ्याच निमित्ताने आला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या ठोंबरे यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. पुढे टिळकांच्या अहमदनगरच्या घरी ते घरच्या मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त त्याची हकीकत आहे.

१९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा त्या परंपरेवर बिशपाचे पद आले. मूळ ग्रीकमधील ‘एपिस्कोपॉस’ आणि ‘प्रेस्बिटेरॉस’ हे दोन शब्द एका घटनेत शेजारी बसले, आणि ‘प्रेस्बिटर’ हे नाव आता दीक्षित पाळकाचे झाले. निवडून आलेल्या गृहस्थ सभासदांच्या समितीला मराठी मंडळ्यांत बहुधा ‘पंच कमिटी’ म्हणतात. गोतसभेच्या काळापासून न्यायनिवाड्याशी जोडलेला ‘पंच’ हा शब्द अशा रीतीने ‘वडील’ची जागा घेऊन बसला आहे, आणि रविवारच्या सूचनांत पंच कमिटीच्या सभेची तारीख वाचली जाते.