किशोरवयीन स्कोलिओसिस व तिची शस्त्रक्रिया

स्कोलिओसिस म्हणजे पाठीच्या कण्याला बाजूकडे आलेला बाक. समोरून पाहता सरळ दिसणारा कणा यात इंग्रजी 'एस' किंवा 'सी' अक्षरासारखा वळतो आणि मणके स्वतःभोवती फिरतात. क्ष-किरण चित्रावर मोजलेला कॉब कोन १० अंश वा अधिक असल्यास हे निदान होते. बोलीभाषेत यालाही 'कुबड' म्हणतात. परंतु कुबडात कणा पुढच्या बाजूस झुकलेला असतो.

निदान

किशोरवयात आढळणाऱ्या बहुतेक रुग्णांमध्ये कारण सापडत नाही. दप्तराचे ओझे किंवा वाकडे बसणे हे कारण असल्याची समजूत निराधार आहे. मोठे बाक मुलींमध्ये अधिक दिसतात. दुखणे सहसा नसते व सैल गणवेशाखाली बाक झाकला जातो, त्यामुळे तो उशिरा लक्षात येतो. मुलाला कमरेतून पुढे वाकायला सांगून मागून पाहिले, की एका बाजूच्या बरगड्या उंचावलेल्या दिसतात. ही तपासणी शाळेतही होऊ शकते. वाढ शिल्लक असताना साधारण २५ ते ४० अंशांच्या बाकाला पट्टा (ब्रेस) लावतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासात पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के, तर केवळ निरीक्षणाखाली असलेल्यांपैकी ४८ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाही.

शस्त्रक्रिया

बाक ४५ ते ५० अंशांपलीकडे गेल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. अमेरिकेतील ह्यूस्टनचे शल्यविशारद पॉल हॅरिंग्टन यांनी १९५० च्या दशकात पोलिओग्रस्त मुलांसाठी धातूची सळी वापरली. ती कण्याला दोन्ही टोकांकडून ताणून धरी. बाक कमी होई, पण कमरेची नैसर्गिक खोलगट वळणही सपाट होई. पुढे मणक्यांत स्क्रू बसवून दोन सळ्या जोडण्याची पद्धत रूढ झाली. त्यानंतर हाडाचे कण पसरून मणके सांधले जातात. सांधलेला भाग पुन्हा वाकत नाही. मेरुरज्जूला इजा होण्याचा धोका असल्याने शस्त्रक्रिया चालू असताना मज्जासंदेशांवर लक्ष ठेवतात.

सळी सहसा शस्त्रक्रियागृहातच हाताच्या अवजाराने वाकवतात. मापाच्या सळीत मात्र रुग्णाच्या चित्रांवरून संगणकावर वळण ठरवून ती कारखान्यातच घडवतात. हाताने वाकवलेल्या सळीहून ती दीर्घकाळ सरस ठरते, असे निर्विवाद सिद्ध झालेले नाही; किंमत मात्र वाढते.

मिरज

१८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी स्थापन केलेल्या मिशन रुग्णालयामुळे मिरज वैद्यकीय केंद्र झाले. सांगली-साताऱ्यासह लगतच्या कर्नाटकातील रुग्ण येथे येतात. येथील अस्थिशल्यविशारद डॉ. जी. एस. कुलकर्णी हे हातापायांच्या वाकड्या हाडांवरील इलिझारोव्ह पद्धतीच्या प्रसारासाठी ओळखले जातात. तीही रुग्णागणिक जुळवावी लागते. मात्र तिची कडी शरीराबाहेर असते व नट फिरवून रोज थोडी सुधारणा करता येते. कण्यातील सळीचे तसे नाही. ती एकदाच बसते, त्यामुळे तिचे माप आधीच ठरवावे लागते.