ठाणे ते दिवा: सात किलोमीटर की नऊ?

नकाशावर ठाणे आणि दिवा या दोन स्टेशनांमध्ये पट्टी ठेवली, तर अंतर भरतं साधारण ७ किलोमीटर. कळवा-मुंब्र्यावरून जाणाऱ्या रुळांनी मोजलं, तर जवळपास ९. वरचे दोन किलोमीटर जातात पारसिकच्या डोंगराला वळसा घालण्यात. कळव्याच्या रेल्वेचा इतिहास या वळशातच दडलाय.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. ३४ किलोमीटरला तिला तासाभराच्या आसपास लागला. आज सीएसएमटीहून सुटणारी धीमी लोकलही ठाण्यापर्यंत जवळपास तेवढाच वेळ घेते! पण ती वाटेत १७ स्टेशनं घेते. म्हणजे प्रवासाचा वेळ नुसत्या अंतरावर आणि इंजिनावर ठरत नाही. गाडी कुठे थांबवायची, या निर्णयावरही ठरतो.

१ मे १८५४ ला रेल्वे ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला पोचली. वाटेत डोंगर आडवा होता, म्हणून रूळ त्याच्या पायथ्याने, खाडीच्या कडेकडेने नेले. तरी मुंब्र्याजवळ छोटे बोगदे खोदावेच लागले. डोंगर सरळ आरपार करायला १९१६ साल उजाडलं. त्या वर्षी सुमारे १.३ किलोमीटरचा पारसिक बोगदा सुरू झाला. पुढे जलद गाड्या बोगद्यातून आणि धीम्या गाड्या जुन्या वळशावरून, अशी वाटणी झाली. डोंबिवली-कल्याण मुंबईच्या जवळ आले. त्यांच्याही अलीकडचं कळवा मात्र धीम्या गाडीवरच राहिलं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि ही वाटणी बदलली. बोगदा मेल-एक्स्प्रेसकडे गेला, जलद लोकल मुंब्र्याच्या वळशावर आल्या. आता त्या कळव्यातूनच जातात, पण बहुतेक थांबत नाहीत. कळवेकरांनी यावर आपला उपाय कधीचाच काढलाय: सकाळी कारशेड गाठायची आणि तिथून ठाण्याला निघणाऱ्या रिकाम्या लोकलमध्ये चढायचं. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आली, तेव्हा प्रवाशांनी ती या कारशेडपाशीच अडवली होती. बाहेरून बघणाऱ्याला तो तिकिटाच्या दराचा वाद वाटला असेल. पण ज्याला स्टेशनात गाडीत शिरताच येत नाही, त्याच्यासाठी एक गाडी जाणं म्हणजे ऑफिस आणखी लांब जाणं.

९ जून २०२५ ला सकाळी याच मुंब्र्याच्या वळणावर, एकमेकींच्या शेजारून जाणाऱ्या दोन जलद लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले. काहींचा जीव गेला. १८५४ मध्ये डोंगर टाळण्यासाठी घेतलेलं वळण आज खच्चून भरलेल्या लोकलच्या वाटेवर आहे. वेळापत्रकात ते दोन-चार मिनिटांचं दिसतं. दारात उभ्या असलेल्या माणसाला ती मिनिटं हातांवर काढावी लागतात.