एअर इंडिया पावसाळ्यात पुण्याला मुक्कामाला यायची तेव्हाची गोष्ट

वरकुट्याच्या शिवारात उसाला पाणी धरलेलं असताना डोक्यावरून बारामतीचं शिकाऊ विमान गेलं, तर आता कुणी मान वर करूनही बघत नाही. इतकी सवय झालीय. पण आज जिला आपण एअर इंडिया म्हणतो, ती कंपनी सुरुवातीला पावसाळ्यात आपल्या पुण्यातून उडायची, हे किती जणांना माहीत आहे?

१९३२ सालची गोष्ट. विलायतेचं टपाल विमानानं कराचीपर्यंत यायचं. तिथून पुढं ते मुंबई-मद्रासला विमानानंच न्यायचं, ही कल्पना नेव्हिल विन्सेंट या वैमानिकाची. टाटांनी ती उचलली. सरकार अनुदान द्यायला तयार नव्हतं. शेवटी जेवढं टपाल तेवढे पैसे, असा करार झाला. भांडवल दोन लाख रुपये आणि विमानं दोन, छोटी पुस मॉथ.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा स्वतः कराचीहून टपाल घेऊन निघाले. अहमदाबादला इंधनाचे डबे चक्क बैलगाडीतून आले! जुहूला उतरल्यावर पुढं बेळ्ळारीमार्गे मद्रासपर्यंत विन्सेंट गेले.

जुहूचा तळ म्हणजे समुद्रकाठचं चिखलाचं मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं. मग दोन विमानं, तीन पायलट आणि तीन मेकॅनिक असा सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलायचा. उड्डाणं व्हायची येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानातून.

ना रेडिओ, ना उतरताना वाट दाखवणारं यंत्र. तरीही पहिल्या वर्षी टपाल शंभर टक्के वेळेवर पोचलं, भर पावसाळ्यातसुद्धा. १९३३ मध्ये कंपनीनं १५५ प्रवासी आणि सुमारे १०.७ टन टपाल नेलं, साठ हजारांचा नफाही कमावला. १९४६ ला तिचं नाव एअर इंडिया झालं, १९५३ ला ती सरकारची झाली आणि जानेवारी २०२२ ला पुन्हा टाटांकडे आली.

हे आज लिहायचं कारण? जुलै २०२२ मध्ये आपल्याच इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या शेतात शिकाऊ विमान कोसळलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन अपघात झाले. पोरं-पोरी पायलट होतायत याचा अभिमान आहेच. विमानतळही हवाच. पण खाली शेतात माणसं राबत असतात. विमानांची तपासणी कशी होते, अपघातांच्या चौकशीत काय निघालं, पुढं काय बदललं, हे ग्रामसभेत येऊन मराठीत कुणी सांगेल का?

जुन्या लोकांकडे साधनं नव्हती, पण काम चोख होतं. आज साधनं आहेत, तर हिशेब मागायला काय हरकत आहे?

तुमच्या गावात असं कुणी सांगायला आलं होतं का? कमेंटमध्ये जरूर लिहा.